कैरोत आत्या आणि गाईडबाई

गुरुवार

आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या इजिप्तच्या कार्यक्रमात कैरोच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन दिवस येतात. पिरॅमिड, म्युझियम, एखादं पपायरसचं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कागदाचं दुकान, की निघाले सगळे लक्सरला बोटीत बसायला. आत्याला ते नको होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: एक शहर नीट बघू, बोटीत बसून काठावरची खजुराची झाडं मोजायला मी एवढ्या लांब येणार नाही. आत्या सोलापूरची, पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाली. गुडघे कुरकुरतात, पण डोकं आणि तोंड दोन्ही शाबूत.

तिच्या गुडघ्यांमुळेच खासगी गाईड घ्यायचं ठरलं. इजिप्तमध्ये कुणीही उठून गाईड होऊ शकत नाही. पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो, गाईडांची स्वतःची संघटना आहे, तिला ते सिंडिकेट म्हणतात. गळ्यात ओळखपत्र असतं. बरेचसे गाईड विद्यापीठात रीतसर हा विषय शिकलेले असतात. मी महिनाभर आधी काहीजणांना एकच मजकूर पाठवला होता: दोन बायका, एक ज्येष्ठ नागरिक, शाकाहारी, घाई नाही. बहुतेकांकडून छापील कार्यक्रम आला. एका बाईंनी उलट प्रश्न विचारले. आत्या सलग किती पायऱ्या चढू शकतात? दुपारी विश्रांती लागते का? आणि त्यांनी आयुष्यभर काय काम केलं? तिसऱ्या प्रश्नावर मी त्यांनाच ठरवून टाकलं.

मग दराची बोलणी. मी लिहिलं, दुकानं अजिबात नकोत. त्यांचं उत्तर मला आवडलं. म्हणाल्या, दुकानं नकोत हे चालेल, पण मग माझा दर हा असा. स्वस्तातला गाईड मिळेल तुम्हाला, मात्र त्याचं पोट दुकानदाराच्या कमिशनवर चालतं, त्यामुळे पिरॅमिडपाशी तो वीस मिनिटं थांबेल आणि अत्तराच्या दुकानात दीड तास. दिवसाचा दर डॉलरमध्ये रोख, गाडी आणि ड्रायव्हर वेगळे, तिकिटं आमची आम्ही काढायची. तिकिटाचं लक्षात ठेवा: मोठ्या ठिकाणच्या खिडक्यांवर रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं. आत्याने नोटांची जी थप्पी कमरेच्या बटव्यात जपून आणली होती, ती तिथे काही उपयोगाची नव्हती.

विमान मुंबईहून थेट. रात्री हॉटेलवर पोहोचलो, खिडकीतून नाईलचा एक तुकडा दिसत होता. आत्याने पडदा सारून बघितलं आणि म्हणाली, "पाणी बरं आहे." झोपलो.

शुक्रवार

साप्ताहिक सुट्टी, दुपारची मोठी नमाज, मशिदी पाहुण्यांना काही तास बंद. त्यामुळे आजच्या दिवशी मुद्दाम गाईड ठेवलाच नव्हता. हॉटेलपासून तहरीर चौक चालत होता. कैरोत रस्ता ओलांडणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. सिग्नल आहेत, पण त्यांच्याकडे बघायची पद्धत नाही. एका आजोबांच्या मागोमाग आम्ही पाऊल टाकत गेलो.

चौकात एक सुटाबुटातला गृहस्थ भेटला. म्हणाला, म्युझियम आता बंद आहे, दोन वाजता उघडेल, तोवर माझ्या भावाची कलादालनं बघा, फुकट आहेत. ही थाप इतकी जुनी आहे की प्रत्येक प्रवासी पुस्तकात तिचा उल्लेख असतो, तरी तो ती इतक्या मनापासून मारत होता की ऐकत राहावंसं वाटलं. म्युझियम अर्थातच उघडं होतं.

तहरीरचं हे जुनं गुलाबी म्युझियम १९०२ सालचं. तूतनखामूनची सगळी संपत्ती आता गिझाच्या नव्या म्युझियममध्ये गेली, तरी इथे इतकं उरलंय की दम लागतो. नार्मर या प्राचीन राजाची कोरीव शिळा इथे आहे, तानिसच्या राजांच्या चांदीच्या शवपेट्या इथे आहेत. पण माहितीच्या पाट्या जुन्या, काही टंकलेल्या, काही नसलेल्याच. फाटकापाशी परवानावाले गाईड उभे असतात, तासाच्या बोलीवर मिळतात. आम्ही घेतला नाही. दोन तास मजेत फिरलो. काय पाहिलं हे संध्याकाळी सांगायला बसलो तर आत्याला मांजरांच्या ममी आठवत होत्या आणि मला एक लाकडी माणूस, ज्याचे डोळे जिवंत वाटत होते. बाकी सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं. वाईट वाटलं नाही, पण उद्यापासून कुणीतरी सोबत असेल याचं बरं वाटलं.

जेवायला कोशारी. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि करपवलेला कांदा, बाजूला लसणाचं आंबट पाणी. शाकाहारी माणसाने कैरोत उपाशी राहायचं काही कारण नाही. सकाळी फूल म्हणजे शिजवून घोटलेली बाकला शेंगांची उसळ, तामिया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे, आणि गरम गव्हाची फुगीर भाकरी. आत्याने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, "भातात शेवया कोण घालतं?" आणि मोठा वाडगा संपवला.

शनिवार

गाईडबाई बरोबर आठला खाली हजर. चाळिशीच्या, डोक्याला रुमाल, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. ड्रायव्हरला त्या 'या उस्ता' अशी हाक मारत होत्या, म्हणून तो आमचाही उस्ता झाला. बाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर आत्याकडून दोनशेची नोट घेऊन तिचे दहा-वीस पौंडांचे सुटे आणून दिले. संडासाबाहेर बसलेल्या बाईला किती, दार उघडून देणाऱ्याला किती, आणि 'या, गुपचूप फोटो काढा' म्हणणाऱ्या पहारेकऱ्याला काहीच नाही. ही बक्षिशीची शिकवणी पुढे रोज उपयोगी पडली.

गिझाविषयी मी स्पष्टच लिहिते. पिरॅमिड बघायला गाईड लागत नाही. ते समोर असतात. खुफू राजाचा सर्वात मोठा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता, आता १३८ च्या आसपास उरलाय. आत जायचं तर गाईडला तुमच्याबरोबर येऊन माहिती सांगायला मनाई आहे, बाई बाहेरच थांबल्या. मी एकटीच गेले. आधी कमरेत वाकून चढायचा अरुंद बोळ, मग एकदम साडेआठ मीटर उंच छताचा तो मोठा चढता दालनमार्ग, आणि शेवटी ग्रॅनाईटची रिकामी खोली, रिकामी पेटी. आत हवा कोंदट, समोरून उतरणाऱ्यांचे गुडघे तोंडाशी. पुन्हा नाही जाणार, पण गेले याचा पश्चात्तापही नाही.

बाहेर आले तर आत्या आणि गाईडबाई एका दगडावर सावलीत बसून भलत्याच रंगात आलेल्या. विषय होता मेरेरचा. मला हे नाव माहीत नव्हतं. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे फ्रेंच आणि इजिप्शियन संशोधकांना पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेल्या पपायरसमध्ये जगातले सर्वात जुने. त्यांत खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतल्या मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजची नोंदवही आहे. आज टोळी घेऊन तुरा इथल्या खाणीवर, आज दगड बोटीत भरले, आज पिरॅमिडकडे निघालो, आज मुक्काम अमुक ठिकाणी. तुरा नाईलच्या पलीकडे, आणि पुराच्या दिवसांत पाणी कालव्यातून इथवर आणलेलं असायचं. पिरॅमिडच्या बाहेरचा पांढरा शुभ्र चुनखडीचा थर असा बोटीने आला.

"अगं, हे तर मस्टर झालं," आत्या मला बघताच म्हणाली. "दुष्काळी कामावर असतं तसं. हजेरी, किती माल, कुठून कुठे. आणि ह्या सांगतात की मजुरांना भाकरी आणि बिअरचा शिधा मिळायचा." गाईडबाईंनी दक्षिणेकडे हात केला. तिथे १९९० साली एका घोड्याचा पाय मातीच्या भिंतीला अडखळला आणि मजुरांची स्मशानभूमी सापडली. मोडून पुन्हा जुळलेली हाडं, म्हणजे उपचार झालेले. गुलामांना चाबकाने मारून बांधून घेतलं ही गोष्ट तिथेच संपते.

उंटवाले, घोडेवाले होते. एकाने 'अमिताभ बच्चन!' अशी आरोळी ठोकून आत्याचा हात धरायचा प्रयत्न केला. गाईडबाई अरबीत दोनच शब्द बोलल्या, तो हसत निघून गेला. शनिवारीही इथे सुट्टी असते, त्यामुळे डबे घेऊन आलेली कैरोची कुटुंबं चिक्कार. मला ती गर्दी आवडली.

दुपारी ग्रँड इजिप्शियन म्युझियम. नोव्हेंबर २०२५ मध्ये संपूर्ण उघडलं, पायाभरणी २००२ ची, म्हणजे आपल्या धरणांच्या तुलनेत आत्याला वेळ काही फार वाटला नाही. आत शिरताच दुसऱ्या रॅमसेसचा ११ मीटर उंच, ८३ टनांचा पुतळा. हा पुतळा १९५५ पासून २००६ पर्यंत कैरोच्या मुख्य रेल्वे स्टेशनासमोरच्या चौकात धूर खात उभा होता. तो हलवला त्या रात्री लोक रस्त्याच्या दुतर्फा जमले होते, बाईही वडिलांबरोबर जागल्या होत्या. "बाबांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, आता मी गावाहून येणाऱ्या माणसाला कुठे भेट म्हणून सांगू?" त्यांनी हे सहज सांगितलं आणि पुढे चालू लागल्या.

तूतनखामूनची ५,००० हून जास्त वस्तूंची सगळी मांडणी इथे पहिल्यांदाच एकत्र आहे. बाईंनी त्यातल्या मोजक्याच वस्तूंपाशी थांबवलं. सोन्याच्या मुखवट्याभोवती माणसांची भिंत होती, तिथे त्या म्हणाल्या, हा तुम्ही तुमचा बघा, मी काही बोलत नाही. पण घडीच्या खाटेपाशी, लहानग्याच्या खुर्चीपाशी आणि काठ्यांच्या ढिगापाशी त्यांनी वेळ घेतला. राजाला शंभरावर काठ्या कशाला? पायाने अधू होता का? संशोधकांत यावर वाद आहेत, त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. आत्या तिच्या स्वतःच्या काठीवर रेलून ऐकत होती.

जिन्याच्या टोकाला प्रचंड काच आहे आणि काचेतून पिरॅमिड. सरकता जिना असल्यामुळे गुडघ्यांना तोशीस नाही.

रविवार

सक्कारा. कैरोपासून तासाभराच्या आत, पण गर्दी गिझाच्या मानाने नगण्य. जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड इथला, सुमारे ६२ मीटर, खुफूच्या आधीचा. इम्होतेप हा त्याचा स्थपती. गाईडबाई पिरॅमिडकडे पाठ करून आम्हाला प्रवेशाच्या खांबांपाशी घेऊन गेल्या. खांब दगडाचे, पण कोरले आहेत बांधलेल्या बोरूच्या मोळ्यांसारखे. छत दगडाचं, पण ओंडके रचल्यासारखं. दाराची फळी दगडाची, कायमची उघडी. तोवर ही मंडळी लाकूड, बोरू आणि मातीने बांधत होती. दगडात पहिल्यांदाच एवढं मोठं काम करताना त्यांनी सवयीचं घरच दगडात कोरलं. हे मला एकटीला शंभर वर्षं दिसलं नसतं.

मग मस्तबा, म्हणजे सरदारांच्या थडग्यांच्या इमारती. 'ती' नावाच्या सरदाराच्या मस्तब्यात गुरं नदी उतरतायत, एका गुराख्याच्या खांद्यावर वासरू आहे, ते मागे वळून आईकडे बघतंय आणि गाय मान वर करून हंबरतेय. मेरेरुका हा वजीर, त्याच्या मस्तब्यात तीसहून जास्त खोल्या. एका भिंतीवर गावचे मुखिये धरून आणलेत, सारा थकलाय म्हणून. एकाला खांबाला धरून बडवतायत, बाजूला कारकून मान खाली घालून लिहितायत. आत्याने कारकुनांकडे बोट दाखवलं. "हे आम्ही."

परतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना गालिच्यांच्या 'शाळा' आहेत. उस्ताने एके ठिकाणी गाडीचा वेग कमी केला, आरशातून मागे बघितलं. गाईडबाईंनी मान हलवली. गाडी पुन्हा वेगात.

त्या दिवशी आत्या चारला झोपली ती सातला उठली. संध्याकाळी काही केलं नाही.

सोमवार

आजच्या दिवसासाठी सगळा खटाटोप केला असता तरी चाललं असतं. आत्याचा सोमवारचा उपवास. सकाळी गाईडबाईंना सांगितलं तर त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही, फक्त काय चालतं ते विचारलं. धान्य नाही, फळं चालतात, रताळी चालतात. "रताळी?" त्यांचा चेहरा उजळला. हिवाळ्यात कैरोच्या रस्त्यांवर हातगाड्या फिरतात, गाडीवरच भट्टी, वर धुराडं, आत रताळी भाजत असतात. शहराच्या जुन्या भागात शिरताच त्यांनी पहिली गाडी थांबवली. सालीतून मध गळत होता. आत्याने दोन खाल्ली, एक कागदात बांधून घेतलं.

मुइझ रस्ता हा जुन्या कैरोचा कणा. ९६९ साली फातिमी घराण्याने हे शहर वसवलं तेव्हा राजवाड्यांच्या मधून गेलेली वाट. उत्तरेला बाब अल-फुतूह ही वेस, १०८७ ची. दक्षिणेला बाब झुवेला, काही वर्षांनी पूर्ण झालेली. मधलं अंतर दीडेक किलोमीटर. बाईंनी उत्तरेकडून सुरुवात केली, कारण रस्ता तसा चालायला सोपा आणि मधे बसायला जागा कुठे आहेत हे त्यांना पाठ.

वेशीच्या आत लगेच अल-हाकिम मशीद. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचं अंगण, पाय ठेवायला संकोच वाटावा इतकं झकपक. आणि अंगणात चक्क हिंदी-गुजराती कानावर पडली. रंगीत रिदा घातलेल्या बोहरी बायका, सोबत सोनेरी किनारीच्या टोप्यांतली मुलं. दाऊदी बोहरा समाज आपली परंपरा फातिमी इमामांपर्यंत नेतो. ही मशीद पडझड होऊन गेली होती. त्यांच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे सय्यदनांच्या पुढाकाराने तिचा १९८० च्या सुमाराला जीर्णोद्धार झाला, आणि अलीकडे २०२३ मध्ये पुन्हा दुरुस्तीनंतर उघडली. समाजाचं मुख्यालय आपल्या मुंबईत. भेंडी बाजारातला रौदत ताहेरा हा मकबरा ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथल्या कमानी ओळखीच्या वाटतील. भायखळ्याच्या एक काकू आत्याच्या शेजारी बसल्या आणि पाच मिनिटांत दोघींची गुडघ्यांच्या डॉक्टरांवर चर्चा सुरू झाली. गाईडबाई शांतपणे बाजूला बसून राहिल्या. चांगला गाईड कधी गप्प बसायचं हे जाणतो, याचा हिशोब कुठल्याही दरपत्रकात नसतो.

जुन्या वास्तू जीर्णोद्धारात अशा नव्याकोऱ्या कराव्यात का, यावर इथे मतभेद आहेत. बाईंना स्वतःला ही चकाकी पसंत नव्हती. "पण पूर्वी इथे कोठार होतं, शाळा होती. आता लोक नमाज पढतात, मुलं खेळतात." त्यांनी खांदे उडवले. मला चकाकी खुपली, आत्याला मुळीच नाही. देवळाला रंग दिला तर काय बिघडलं, असा तिचा बाणा.

पुढे अल-अक्मार, ११२५ ची लहानशी मशीद. मी एकटी असते तर दर्शनी भागाचा फोटो काढून पुढे गेले असते. बाईंनी दारात उभं केलं आणि विचारलं, काय चुकलंय? बराच वेळ काही कळेना. मग दिसलं. दर्शनी भिंत रस्त्याला समांतर आहे, पण आतली मशीद तिरकी, कारण तिला मक्केकडे तोंड करायचंय. रस्ता एका दिशेला, किब्ला दुसऱ्या. मधला कोन भिंतीच्या जाडीत जिरवलाय, एका टोकाला भिंत पातळ, दुसऱ्या टोकाला जाडजूड. रस्त्याची रेषा पाळायची ही युक्ती कैरोत इथून रुळली, आणि मग आम्ही दिवसभर प्रत्येक दारात तोच खेळ खेळत गेलो. आत शिरलं की वाट वळते का, वळली तर किती.

रस्ता फुटतो तिथे मधोमध एक नाजूक इमारत, १७४४ ची. अब्द अल-रहमान कत्खुदा नावाच्या अमीराने बांधलेली. खाली पाणपोई, वर मुलांची शाळा. तिन्ही बाजूंनी जाळ्या, जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी. आत्या इथे बराच वेळ रेंगाळली. पाणी आणायचं कुठून, साठवायचं कुठे, हौदाखाली किती खोल? गाईडबाईंनी तिला तळघरातल्या हौदाची माहिती दिली. उंटांवरून कातडी पखाली भरून नाईलचं पाणी यायचं आणि हौद भरायचे. पखाल हा प्रकार मी आत्याकडूनच ऐकला होता, मुद्दाम समजावून सांगावा लागला नाही.

कलाऊन सुलतानाचं संकुल १२८४-८५ मधलं, मदरसा, कबर आणि इस्पितळ एकत्र. इस्पितळात कुणालाही फुकट उपचार, आणि त्या जागेवर डोळ्यांचं इस्पितळ आजही आहे. शेजारच्या मदरशाचं दार मात्र वेगळंच, टोकदार, युरोपातल्या चर्चसारखं. चर्चचंच आहे ते. १२९१ मध्ये क्रुसेडवाल्यांचं अक्का शहर इजिप्तच्या तेव्हाच्या मामलुक राज्यकर्त्यांनी जिंकलं आणि तिथल्या चर्चचं संगमरवरी दार उचलून इथे आणून बसवलं. रोज शेकडो माणसं त्याच्यासमोरून कणीस खात जातात.

खान अल-खलिली बाजार आम्ही दहा मिनिटांत कापला. पितळी दिवे, चिनी बनावटीचे स्कॅरब म्हणजे भुंग्याच्या आकाराचे ताईत, मसाल्यांचे शंकू. ज्याला खरेदी करायची त्याने जावं.

बाब झुवेलापर्यंत पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. वेशीच्या दोन बुरुजांवर दोन मिनार उभे, ते शेजारच्या मशिदीचे, पंधराव्या शतकातले, वेशीचा पायासारखा उपयोग केलेले. याच वेशीवर १५१७ साली शेवटचा मामलुक सुलतान तुमान बे याला ऑटोमनांनी फासावर दिलं. मी वर चढले, आत्या खाली चहाच्या टपरीवर. वरून सगळं शहर दिसतं, गच्च्यांवर डिश अँटेना आणि कबुतरांची लाकडी खुराडी. खाली आले तर गाईडबाई आत्याला वेशीच्या दारावरचे खिळे दाखवत होत्या. पूर्वी दात दुखला की लोक इथे खिळा ठोकायचे, केसांची बट बांधायचे. इथे एका अवलियाचा वास असल्याची समजूत होती. आत्याने विचारलं, "दात राहायचा का दुखायचा?" बाई म्हणाल्या, "खिळे बरेच आहेत, म्हणजे लोक पुन्हा येत होते."

वेशीबाहेर खयामिया, तंबू शिवणाऱ्यांची छप्पर घातलेली गल्ली. लग्नाला, मयताला, रमजानला लागणारे मांडव इथले. कारागीर, बहुतेक पुरुष, मांडी घालून कापडावर कापड ठेवून टाके घालत बसलेले. 'दुकानं नकोत' ही अट मीच मोडली. इथे बाईंनी आधीच सांगून टाकलं, मला इथे कमिशन नाही, भाव तुम्ही करा. कमळाच्या नक्षीचं उशीचं कव्हर घेतलं. भाव आत्याने केला, मराठीतून.

मंगळवार

आज अर्धाच दिवस बाईंना सांगितला होता. कार्यक्रम त्यांनी स्वतः बदलून सुचवला होता, आणि का ते मला तिथे गेल्यावर कळलं.

नाईलमध्ये रोदा नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, टोकदार छपराखाली, एक विहीर. जमिनीत खोल उतरलेली दगडी पायऱ्यांची, मधोमध अष्टकोनी संगमरवरी खांब, खांबावर 'हात' या मापाच्या खुणा कोरलेल्या. हा मिकयास, नाईलचं पाणी मोजायची जागा, ८६१ साली अब्बासी खलिफाच्या हुकुमाने बांधलेली. तीन वेगवेगळ्या उंचीवरच्या बोगद्यांतून नदीचं पाणी विहिरीत यायचं आणि खांबावर चढायचं. पूर किती आला ते खांब बघून कळायचं. सोळा हातांपर्यंत चढलं की वर्ष चांगलं, पीक भरपूर, कालव्याचा बांध फोडायचा उत्सव, आणि सारा पूर्ण वसूल. त्याच्या खाली राहिलं तर दुष्काळाची भीती, फार वर गेलं तर गावं बुडाली.

आत्या कठड्याला धरून खाली बघत होती, बोलेना. मग तिने प्रश्न सुरू केले. वाचन कोण घेत असे? रोज का आठवड्याला? आकडा जाहीर कोण करायचं? आकड्यात फेरफार व्हायची का? गाईडबाईंना हे प्रश्न अपेक्षितच होते, त्या तयारी करून आल्या होत्या. मोजणारा अधिकारी ठरलेला, हे काम पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याकडे होतं, आणि आकड्यावर धान्याचे भाव हलत असल्यामुळे तो कधी सांगायचा आणि कधी दडवायचा हे राज्यकर्त्यांच्या हातात.

मग आत्याने त्यांना पैसेवारी समजावली. मी मधे भाषांतर करत होते. गावाच्या पिकाचा अंदाज काढायचा, रुपयाला किती पैसे पीक आलं ते ठरवायचं, पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव टंचाईत, साऱ्यात सूट. आणि मग तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत कसे फोन येतात, उजनीची पाणीपातळी जाहीर झाली की सोलापुरात कसे अर्थ काढले जातात. गाईडबाईंनी वही काढली आणि लिहून घेतलं. असवानचं उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि पूर यायचे थांबले. बोगदे त्याआधीच बुजवले होते. खांब आता कोरडा उभा आहे. आत्याला त्याचं दुःख वगैरे झालं नाही. "धरण आहे ना, मग रीडिंग तिथे घेत असतील," एवढंच.

शेजारीच गायिका उम्म कुलसूमचं छोटं म्युझियम. तिचा काळा चष्मा, रुमाल, पोशाख. महिन्यातल्या एका गुरुवारी रेडिओवर तिचं गाणं लागायचं आणि रस्ते ओस पडायचे. उस्ता इथे आमच्याबरोबर आत आला, आणि सगळ्या दालनांत तोच पुढे होता.

तिथून जुन्या कैरोतली कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांची वस्ती. लटकतं चर्च रोमन किल्ल्याच्या दरवाजावर उभारलेलं, म्हणून लटकतं. बेन एझरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बघायला फार काही नाही, सांगायला मात्र भरपूर. ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो फाडायचा नाही, म्हणून ज्यू लोक जुनी कागदपत्रं एका कोठडीत टाकत गेले, जवळजवळ हजार वर्षं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती कोठडी जगासमोर आली आणि लाखो तुकड्यांतला मोठा भाग केंब्रिजला गेला. त्यात प्रार्थना आहेत, तशी बाजारातली पत्रंही आहेत. बाराव्या शतकातला अब्राहम बेन यिजू नावाचा व्यापारी मंगळूरला राहून मिरी आणि पितळी भांड्यांचा व्यापार करायचा, त्याची पत्रं, उधारीच्या याद्या इथे सापडल्या. आपल्या किनाऱ्यावरून निघालेली उधारी आठशे वर्षं इथल्या अडगळीत पडून होती.

एक वाजता बाईंचा वेळ संपला. त्या जेवायला थांबल्या नाहीत, दुपारी दुसरी मंडळी होती. पैसे पाकिटात घालून दिले, वर आत्याने सोलापुरी चादर दिली. ती तिने कधी बॅगेत टाकली होती कुणास ठाऊक.

बुधवार

विमान रात्री. दिवस रिकामा, गाईड नाही. अल-अझर बागेत गेलो. पाचशे वर्षं शहराचा कचरा जिथे टाकला त्या टेकडीवर ही बाग, २००५ साली उघडलेली, आगाखान संस्थेने केलेली. उकरताना बाराव्या शतकातला तट सापडला, तोही नीट केलाय. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान इथून दूर, असवानला नाईलकाठी पुरलेत. मला हे माहीत होतं म्हणून आत्याला सांगितलं. तिने विचारलं, हे बाईंनी सांगितलं का? मी म्हटलं, नाही, मी. "बरं," ती म्हणाली, फारसा विश्वास न ठेवता.

विमानतळावर जायला उस्ताच आला. अर्ध्या वाटेत त्याने गाडी वळवली. म्हणाला, बहिणीच्या नवऱ्याचं दुकान आहे, कर्कदे चांगलं मिळतं, जास्वंदासारखं लाल, सरबताला. पाच मिनिटं फक्त. मी तोंड उघडायच्या आत आत्या खाली उतरली होती. आठवडाभर कुणी दुकानात नेलं नाही म्हणून ती जणू टपूनच बसलेली. मेव्हण्याने भाव सांगितला, आत्याने निम्मा केला, तो म्हणाला तुमच्यासाठी म्हणून, ती म्हणाली शेजाऱ्यांसाठी पण हवंय, अजून कमी कर. दोन किलो कर्कदे, एक किलो खजूर. विमानतळावर बॅग वजनाला जास्त भरली आणि खजूर माझ्या पाठपिशवीत आले.